रानकाकडीची घळ

वर्ष झालं. आज भावाचे कपडे जाळायचे. आमच्या आदिवासी जमातीत वर्ष सरल्यावर गेलेल्याचं काही घरात ठेवत नाहीत, आणि तोवर त्याचं नावही घेत नाहीत. मीही घेणार नाही.

डोंगर पेटला तेव्हा तो गावच्या घरी एकटाच होता. आई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी डोंगर उतरून माझ्याकडे शहरात, सॅन डिएगोला आलेली. त्याचा फोन आला, की रस्ता बंद झालाय, शेजारी वर गुरांच्या उघड्या माळावर निघालेत. मी म्हटलं, माळावर कशाला भाजून घेतोस, खाली रानकाकडीच्या घळीत जा, तिथे पाणी आहे. लहानपणी आम्ही रानकाकडीचं माणसाएवढं मूळ खणून, ठेचून तिथल्या डोहात टाकायचो नि गुंगलेले मासे हातांनी वेचायचो. वेलीच्या पांढऱ्या फुलांनी घळ भरलेली असायची. पण ते मार्चमध्ये; आमच्याकडे पाऊस फक्त हिवाळ्यात पडतो.

तो हसला. "ताई, ऑक्टोबर चालू आहे."

बारा वर्षं शहरात काढली तरी अक्कल पाजळायची माझी खोड गेली नव्हती. "आयुष्यात एकदा तरी माझं ऐक," मी म्हणाले. त्याने ऐकलं.

माळावरचे सगळे वाचले. घळीत थेंबभर पाणी नव्हतं, आणि झुडपांवर चढलेली वेल वाळून सरपण झालेली. तो तिथेच सापडला. हा तिकडे कशाला गेला, लोक विचारत राहिले. धुरात वाट चुकला असेल, असं मीच सांगितलं, तेही आईसमोर. जानेवारीत राखेतून सगळ्यात आधी तीच मेली वेल वर आली. मला तिचा इतका संताप आला की दोन्ही हातांनी उपटत सुटले. मूळ काही निघालं नाही.

माझ्या फोनमध्ये त्याचा शेवटचा निरोप होता, "निघालो ताई, घळीकडे." तो पुसायचाही धीर होईना, ठेवायचाही. आज सकाळी त्याच्या शर्टाच्या घडीत मी फोन सरकवला आणि गाठोडं बांधलं.

आगीपाशी आईने गाठोडं सोडलं. एकेक कपडा चाचपून ती टाकत होती. फोन हाताला लागला तशी थांबली, आणि तो माझ्या हातात दिला.

"हा त्याचा नाही. तुझा आहे, तूच सांभाळ."

मी रडत म्हटलं, आई, मी तुला सांगणारच होते.

"माझ्या डोळ्यावर पट्टी होती, कानावर नव्हती," ती म्हणाली, आणि पुढचा शर्ट उचलला.