तीनशे सतरा नंबरचा शिपाई

ताईच्या घरी तीन माणसं राहत: ताई, भाऊजी आणि तीनशे सतरा. तिसऱ्याला डोकं नव्हतं. शिंप्याच्या दुकानातून आणलेल्या कापडी धडाच्या रूपात तो मागच्या खोलीत बावीस वर्षं ताठ उभा होता. अंगावर दीडशे वर्षांपूर्वीच्या पायदळातल्या शिपायाचं सामान: पाठपिशवी, छातीवरून तिरका जाणारा पट्टा, कमरेचा पट्टा, संगिनीचं म्यान, जेवणाचा डबा, पाण्याची लाकडी बाटली. प्रत्येक वस्तूच्या चामड्यावर एकच आकडा ठोकलेला, ३१७. त्या काळी फौजेत शिपायाचा नंबर त्याच्या सामानावर मारत. म्हणजे हे सगळं एकाच माणसाचं. भाऊजींनी त्याला निरनिराळ्या जुन्या बाजारांतून तुकड्यातुकड्याने घरी आणलं होतं. फक्त काडतुसांची पेटी मिळायची होती.

"माझ्या माहेरचं कुणी आलं की ते सतरंजीवर," ताई म्हणायची, "आणि ह्याला स्वतंत्र खोली."

माहेरचं म्हणजे मी.

यंदा भाचीला सातवा महिना लागला आणि डॉक्टरांनी तिला झोपून राहायला सांगितलं. ती शनिवारी येणार होती. ताईने आवाज न चढवता सांगितलं, "तिची खाट त्या खोलीत लागेल. तुमच्या पाहुण्याचं बघा."

भाऊजींनी बघितलं. जुन्या सामानाचा दलाल सगळं उचलायला तयार होता, पण सुटंसुटं. "म्यान एकाला, पट्टा दुसऱ्याला, डबा नाटकवाल्यांना," तो म्हणाला. ते ऐकून भाऊजी दोन दिवस धड जेवले नाहीत. मग संग्रहालयाच्या बाईंकडे एक काचेची पेटी रिकामी झाल्याचं कळलं. त्यातल्या पेंढा भरलेल्या मगरीला कसर लागली होती. शिपाई चालेल, असं बाईंनी कळवलं, पण समितीचा ठराव होता: एकाच सैनिकाचा पूर्ण संच हवा. एक वस्तू कमी असली तरी नको.

"मेहुणे, चला," भाऊजी मला म्हणाले. "कर्नलकडे."

कर्नल हा निवृत्त दंतवैद्य. मिशांमुळे पडलेलं नाव. ३१७ ची काडतूसपेटी त्याच्या कपाटात होती, आणि तिचा त्याला काडीचा उपयोग नव्हता. गेली एकोणीस वर्षं तो ती देत नव्हता याचं कारण एवढंच, की ती मागायला दर महिन्याला कुणीतरी घरी यायचं.

"शनिवारपर्यंत मिळाली नाही तर त्याचे तुकडे होतील हो," भाऊजी म्हणाले. माणसाबद्दल बोलावं तसं बोलले. कर्नलने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे.

"देतो की," कर्नल म्हणाला. "फक्त एक म्हण. म्हण, माझा संग्रह हौशी आहे."

"माझा संग्रह हौशी आहे."

"मोठ्याने. आतल्या खोलीत हिला ऐकू गेलं पाहिजे."

भाऊजी ओरडले. आतून "बरं, बरं" असं उत्तर आलं.

"आता लिहून दे."

भाऊजींनी दाताच्या दवाखान्याच्या कागदावर लिहून दिलं. वर छापलेलं होतं, 'दिवसातून दोनदा घासा'. कर्नलने कागद दोनदा वाचला, पेटी दिली आणि मग दारात उभं राहून केविलवाण्या आवाजात विचारलं, "पुढच्या महिन्यात येशील ना पण?"

भाऊजींनी ऐकलंच नाही. ते जिना उतरत होते.

घरी आल्याआल्या त्यांनी पेटी पट्ट्याला अडकवली. भोकं बरोबर बसली. ताईसुद्धा दारात येऊन "दिसतोय खरा रुबाबदार" म्हणाली. मग बाईंच्या कागदासाठी नोंद करायची म्हणून भाऊजींनी पेटीचं झाकण उचललं आणि आतल्या आकड्यावर भिंग धरलं.

भिंग पुसून त्यांनी पुन्हा धरलं.

"काय हो, नंबर चुकला?" मी विचारलं.

"नंबर बरोबर आहे."

"मग?"

"सातची शेपटी तुटलीय."

ते खाली बसले. मग मला सांगितलं ते असं. कॉलेज सुटल्यावर चार महिने ते एका चामडं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याकडे कामाला होते. दलाल जुनं फौजी सामान तिथे आणायचे. नंबर नसलेल्या मालाकडे गिऱ्हाईक बघत नाही, म्हणून म्हातारा त्यावर नंबर ठोकून द्यायचा. त्याच्याकडच्या आकड्यांच्या ठशांपैकी तीनच शिल्लक होते: तीन, एक आणि सात. म्हातारा प्रामाणिकपणे आलटूनपालटून मारायचा, कधी १७३, कधी ७३१. भाऊजी आळशी. डबीत ठसे ज्या क्रमाने असायचे त्याच क्रमाने मारायचे. सातचा ठसा पहिल्याच आठवड्यात त्यांच्या हातून फरशीवर पडला होता.

"तुम्हाला आठवलं नाही इतकी वर्षं?"

"तेव्हा ते काम होतं हो. इतिहास थोडाच होता?"

बावीस वर्षांपूर्वी बाजारात पाठपिशवीवरचा तो आकडा त्यांना एकदम ओळखीचा वाटला होता. यालाच ते योग समजत आले. ओळखीचा वाटणारच, हस्ताक्षर स्वतःचं होतं. पुढे प्रत्येक वस्तूवर त्यांनी भिंग धरलं ते आकडा जुळतो का बघायला. जुळला की भिंग खिशात. जमवणाऱ्या जातीची ही खोडच आहे. आणि बाकीचे आकडे तेल लावून, हात फिरवून त्यांनीच गुळगुळीत केले होते. फक्त पेटीतला झाकणाखाली तसाच ताजा राहिला.

त्यांनी एकेक वस्तू खिडकीशी नेली. पिशवी. दोन्ही पट्टे. म्यान. प्रत्येक वस्तू उजेडात तिरकी धरली, खाली ठेवली, पुढची उचलली. बाटलीची वादी बघताना भिंग त्यांनी माझ्या हातात दिलं. सात वस्तू, सात तुटक्या शेपट्या.

"सामान जुनंच आहे ना पण?" मी म्हटलं.

"जुनं आहे. सात जणांचं आहे. हा माणूस नव्हताच."

शुक्रवारी सकाळी संग्रहालयाच्या बाई टेम्पो घेऊनच आल्या. भाऊजींनी त्यांना सगळं सांगितलं, ठशासकट. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण वस्तू सात आहेत ना? मग झालं. इथे सही करा."

कागदावर लिहिलं होतं: एकाच सैनिकाचा पूर्ण संच.

"सात अनोळखी शिपायांचं सामान, असं लिहिलं तर?"

"मग ठराव पुन्हा समितीपुढे जाईल. समिती बसते वर्षातून दोनदा. परवाच बसली होती." बाईंनी आवाज उतरवला. "अहो, लोक आमच्याकडे उन्हातून सावलीला येतात. कोण भिंग घेऊन बघतंय?"

"करा ना सही," ताई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. बावीस वर्षांत ते त्या शिपायापायी मी पहिल्यांदाच पाहिलं. "एकत्र राहतील बिचारे."

भाऊजींनी पेन घेतलं. कागदावर टेकवलं. शाईचा ठिपका वाटाण्याएवढा झाला.

"मी एकदा ठोकलंय," ते म्हणाले. "परत नाही ठोकत."

बाई गेल्या. दुपारी दलाल आला. त्याने कड्या, बकलं, वाद्या भराभर सोडायला घेतल्या तसे भाऊजी पुढे झाले. "थांबा, गळ्यापाशी चामडं तडकलंय," म्हणत त्यांनी सगळं स्वतःच्या हाताने उतरवलं आणि प्रत्येक वस्तू देताना विचारलं, "ही कुठे जाणार?" दलालाला माहीत नव्हतं.

माझं अक्षर चांगलं म्हणून चिठ्ठ्या लिहायचं काम दलालाने माझ्याकडे दिलं. "लिहा, ३१७, अस्सल."

"अहो, नंबर खोटा आहे!" भाऊजी म्हणाले. "मी मारलाय."

"साहेब, नंबर आहे म्हणून तर नेतोय."

मी पहिली चिठ्ठी लिहिली. भाऊजींनी माझ्या हातातलं पेन ओढून 'अस्सल' खोडलं. दलालाने दुसरी चिठ्ठी पुढे केली. तीही त्यांनी खोडली. तिसरी फाडली. चौथीच्या वेळी ताईने त्यांचा हात धरला, तर तो सोडवून घेऊन ते पुन्हा खोडायला लागले.

दलालाकडे चिठ्ठ्या भरपूर होत्या.