कोरी, पाण्यातली आणि पिण्यायोग्य

लेकीनं बापाला शपथ घातली होती. "बाबा, तिथे थुंकायचं नाही. आणि पाण्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही."

बापाचं पोटच पाण्यावर होतं, त्याला काय करणार? शहराच्या पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं तो पाणी चाखत होता. घोट घ्यायचा, जिभेवर घोळवायचा, ओठांतून सूं करून हवा आत ओढायची, थुंकायचं आणि शेरा लिहायचा. मोऱ्यांत इतकं थुंकून झालं होतं की खात्यात सगळे त्याला प्रेमानं थुंक्याच म्हणत. पण लेकीचं लग्न ठरायचं होतं दाताच्या डॉक्टरांच्या धाकट्या मुलाशी, आणि डॉक्टर म्हणजे बडं प्रस्थ. या रविवारी दुपारी ते होकार देणार होते, नाहीतर गोड बोलून वाटेला लावणार होते.

डॉक्टरांनी अठरा वर्षं जुनी सिंगल माल्ट व्हिस्की काढली, तीही अशी हळुवार, की बाटली नाही, बाळच.

"साहेब, आधी कोरी. घाई नको. वास घ्या. धूर येतोय? जुनं चामडं?"

थुंक्याला चामड्याचा वास यायचा तो फक्त आपल्या बुटांचा. तरी त्यानं मान डोलावली, घोट घेतला, घोळवला, सूं केलं. आणि एकतीस वर्षांच्या सवयीनं घात केला. पचकन सगळी अठरा वर्षं शेजारच्या कुंडीत गेली.

लेकीनं डोळे मिटून घेतले. डॉक्टरांचा चेहरा तर असा झाला, जणू कुणी त्यांच्या आईलाच शिवी दिली होती.

"सवय हो," थुंक्या पुटपुटला. "नोकरीची."

"असू दे," डॉक्टर गारढोण आवाजात म्हणाले. "आता पाणी घालून बघू. तीनच थेंब. साधं नळाचं. फिल्टर मी काढूनच टाकलाय पंधरा दिवसांपूर्वी, त्या मेल्या पाण्यानं व्हिस्कीचा जीव जातो. तेव्हापासून काय सुरेख उतरतेय! पावसाळी मातीचा, जंगलाचा वास!"

थुंक्यानं ग्लास नाकाशी नेला आणि तो चपापला. जंगल कसलं डोंबलाचं! हा वास त्याच्या चांगल्या ओळखीचा होता. त्यानं पाण्याचा जग उचलून त्यात नाक खुपसलं. तोच वास, चांगला दसपट.

लेक डोळ्यांनी विनवत होती. गप्प बसला असता तर तासाभरात होकार मिळाला असता. त्यानं जग खाली ठेवलासुद्धा. तेवढ्यात डॉक्टरांची थोरली सून आली. सातवा महिना, हाश्शहुश्श करत. तिनं त्याच जगातून ग्लास भरला आणि तोंडाला लावला.

"ठेव तो ग्लास!" थुंक्या असा ओरडला की सुनेच्या हातून तो पडलाच. "पोरी, थुंक! आधी थुंक ते! अहो डॉक्टर, तुमच्या टाकीत काहीतरी मेलंय!"

एकच गोंधळ उडाला. "हा माणूस माझ्या घरात येऊन..." डॉक्टर ताडकन उठले. लेक म्हणाली, "बाबा, चला घरी." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. थुंक्या मात्र हटला नाही.

"आधी टाकी दाखवा. काही नसलं तर पुन्हा तुमच्या दारात उभा राहणार नाही."

सगळे गच्चीवर गेले. टाकीचं झाकण वीतभर सरकलेलं होतं. आत कबुतर होतं, म्हणजे कबुतराचं जे काही उरलं होतं ते. वास घ्यायला कुणाला नाक लावावं लागलं नाही.

पंधरा दिवस ज्याला जंगल जंगल म्हणून नावाजलं, ते डॉक्टरांनी डोळे भरून पाहिलं. मग ते तडक खाली पळाले. वाटेत सुनेला गाडीत बसवून इस्पितळात न्यायला थोरल्याला सांगितलं, आणि बेसिनवर जाऊन दहा मिनिटं चुळा भरत राहिले. जन्मभर दुसऱ्यांना "थुंका" म्हणणारा माणूस आज मन लावून थुंकत होता.

तासाभरानं थोरल्याचा फोन आला. सून ठीक होती, बाळही. डॉक्टर मटकन खुर्चीत बसले. मग उठले, त्यांनी दोन ग्लासांत कोरी ओतली आणि खालच्या आपल्या दवाखान्यातून स्टीलचं तस्त आणून थुंक्याच्या पुढ्यात ठेवलं.

"घ्या व्याही," ते म्हणाले. "थुंकायचं तर यात थुंका. कुंडीतलं झाड बायकोचं आहे."

दुपारपासून ते साहेब साहेब म्हणत होते. लेकीनं 'व्याही' ऐकलं आणि ती रडता रडता हसायला लागली.

थुंक्यानं घोट घेतला. घोळवला. सूं केलं. तस्ताकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा गिळला. घसा जळला, डोळे भरून आले.

"कशी आहे?" डॉक्टरांनी धास्तावून विचारलं.

"चव वाईट," त्यानं शेरा दिला. "पण पिण्यास योग्य."