एका ताटात

जोतीरामनं रिपोर्टाची घडी उलगडून डॉक्टर वैदेहींच्या टेबलावर ठेवली आणि आकड्यावर बोट टेकवलं.

"अकरा हाय. सहाच्या खाली पायजे हुता न्हवं?"

सोलापूरच्या नवी पेठेत दिवसभर कापड मोजणारा हा गडी. आकड्यावर त्याचा भारी विश्वास. टीबी निघाला तेव्हा रक्तातला सीआरपी चौसष्ट होता. तो सहाच्या खाली येईपर्यंत थोरल्या श्रीमंतआण्णाच्या ताटात जेवायचं नाही, असं त्यानं ठरवूनच टाकलं. होटगीच्या घरात दोघे भाऊ लहानपणापासून एकाच ताटात जेवत. लग्नं झाली, नातवंडं आली, तरी ताट एकच. आणि आता औषधं संपत आली तरी हा बाबा खिडकीपाशी एकटाच भाकरी मोडतोय! समजावणारे थकले, हा ऐकेल तर शपथ.

"लंगडताय का? बघू पाय," डॉक्टर म्हणाल्या.

अंगठा ठेचकाळून पिकला होता.

"हा आकडा अंगातल्या सुजेचा असतो, काका. जखम पिकली तरी वाढतो. तुमची थुंकी केव्हाच स्वच्छ आलीय. आणि टीबी खोकल्यातून पसरतो, ताटातून नाही."

"म्हंजे मी उगाचच..."

"उगाचच की!"

जोतीरामला स्वतःचा राग आला, पण आनंद त्याहून मोठा होता. अंगठ्याला पट्टी बांधून तो घरी आला, सगळ्यांना डॉक्टरांचं बोलणं सांगितलं आणि जेवणाच्या वेळी थेट आण्णासमोर मांडी घातली. बजावैनीनं शेंगांची आमटी वाढली. त्यानं हात पुढं केला, तोच आण्णानं झटकन ताट मागं ओढलं.

जोतीरामचा चेहराच पडला. लांब आपणच बसलो होतो. आण्णाच्या मनातही भीती असेल, हे कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"आण्णा, भ्या वाटतंय व्हय?"

आण्णानं तोंड फिरवलं आणि उपरण्यात दणदणीत शिंक दिली.

"सकाळधरनं पडसं हाय मला. तुजी छाती आत्ता कुटं बरी झालीया. तुला लागलं म्हंजे? चार दिस दम काढ."

बजावैनीनं कपाळावर हात मारला. "घ्या! आता ह्येंचं सुरू झालं."

जोतीरामनं ताट दोन्ही हातांनी धरून मधोमध ओढलं आणि आण्णाची भाकरी मोडून आमटीत कुस्करायला घेतली.

"लागू दे," तो म्हणाला.