नणंद-भावजयीची डोली

मित्रांनो, मी एक जुनी डोली आहे. वेताची खुर्ची आणि तिच्या दोन्ही अंगांना बांधलेले दोन लांब दांडे, एवढाच माझा देह. पुढे एक माणूस, मागे एक माणूस, त्यांच्या खांद्यावर जाड पट्टे आणि मध्ये मी, माझ्यात बसलेल्या पाहुण्याला सांभाळत. माझे गाव डोंगराच्या पायथ्याशी आहे, जुन्या तटबंदीचे आणि दगडी गल्ल्यांचे. अर्ध्या चढावर थंड हवेची विश्रामगृहे आहेत आणि अगदी माथ्यावर एक पुरातन देवालय. दूरदूरचे प्रवासी ते पाहायला येतात. तिथे गाडी जात नसे. ज्यांचे पाय साथ देत नसत, त्यांच्यासाठी आम्ही डोल्या होतो.

मला घडवणारा सुतार मोठा काटेकोर होता. माझे काम पुरे झाले तरी तो मला हातावेगळी करीना. शेवटी स्वतः माझ्यात बसला, शेजाऱ्यांना उचलायला लावले आणि डोळे मिटून घेतले. जरा करकर ऐकू आली की खाली उतरून सांधा पुन्हा ठोकायचा. बसणाऱ्याच्या पोटात गोळा आला तर तो सुताराचा दोष, असे त्याचे म्हणणे होते.

माझा पहिला धनी एक हसरा डोलीवाला. त्याची चाल इतकी संथ होती की चढावर पाहुणे पेंगायचे आणि उतरताना त्याची तारीफ करायचे. त्याच्या घरात त्याची बायको होती आणि धाकटी बहीण. त्या नणंद-भावजयींचे सख्य म्हणजे विळ्या-भोपळ्याचे. सकाळी चुलीपाशी सुरू झालेला वाद संध्याकाळी विहिरीपाशी संपायचा, तोही पाणी भरून झाले म्हणून.

एके दिवशी मला रिकामी घेऊन उतरताना धनी शेवाळलेल्या पायरीवरून घसरला आणि त्याच्या खांद्याचे हाड मोडले. हाड जुळले, पण डॉक्टरांनी बजावले की या खांद्यावर आता ओझे नको. त्याचा जोडीदार दुसऱ्या डोलीला लागला. मी पडवीत आढ्याला टांगली गेले. कोळ्यांनी माझ्यावर संसार थाटला. धनी खिन्नपणे म्हणाला की गिऱ्हाईक बघून मला विकून टाकावे. त्याची बायको भांडी घासत होती. तिने मान वर केली.

"विकायची नाही," ती म्हणाली. "मी उचलते."

तो हसला. ती हसली नाही. मग प्रश्न आला की पुढे कोण लागणार. नणंद विश्रामगृहातल्या चादरी धुवायची आणि ओल्या कपड्यांची गाठोडी पाठीवरून चढावर न्यायची. ती दारातूनच म्हणाली की वहिनीला एकटीला दांडे पेलायचे नाहीत, उगाच डोली मोडेल. एवढेच. पण दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघींनी माझ्यात दगड भरले आणि घरामागच्या पायऱ्यांवर चढउतार सुरू केली. पहिल्या दिवशी मी तिरपी झाले आणि दगड गडगडत गेले. दोघी एकमेकींना बोलल्या, दगड वेचले आणि पुन्हा उचलले. हे रोज चालले. हळूहळू बोलणी कमी झाली आणि पावले जुळली.

मग त्या मला घेऊन डोल्यांच्या तळावर गेल्या. तिथला मुकादम पाहुण्यांना डोल्या वाटून देई. माणूस वाईट नव्हता, पण ठाम होता. एकदा पाहुणा पडला की सगळ्या डोलीवाल्यांच्या पोटावर पाय येतो, असे तो म्हणाला. "पाहुण्यांच्या जिवावर मी कुणाला शिकू देणार नाही."

"मग पाहुणा नको," भावजय म्हणाली. "तुम्ही बसा."

तळावर हशा पिकला. मुकादम अंगापिंडाने असा की त्याला वर न्यायला कुठलाच डोलीवाला तयार नसे. पण सगळ्यांसमोर मागे कसा हटणार? तो माझ्यात बसला. माझे सांधे कुरकुरले. सुताराने त्या दिवशी घेतलेली परीक्षा कशासाठी होती, ते मला तेव्हा कळले.

विश्रामगृहांपर्यंत सारे नीट झाले. पुढे तटाखालचे वळण लागते. तिथल्या पायऱ्या शेकडो वर्षांच्या पावलांनी झिजून गुळगुळीत झाल्या आहेत. पुढची नणंद घसरली. तिचा गुडघा दगडावर आपटला, मी एका बाजूला कलले आणि माझा डावा पाय पायरीवर आदळून तडकला. एका अंगाला खोल दरी होती. पण नणंदेने दांडे सोडले नाहीत. मागे भावजयीने तटाला पाठ लावली आणि सगळा भार स्वतःवर घेतला. दोघींचा श्वास मला ऐकू येत होता. माझ्या हातावर मुकादमाची मूठ घट्ट आवळलेली होती.

"खाली ठेवा," तो म्हणाला. "पुरे झालं. इथून मी चालत जातो."

"बसून राहा, मुकादम," मागून भावजय म्हणाली. "तुम्ही उतरलात की उद्या सगळे म्हणतील, अर्ध्यावरून परत आल्या." मग तिने नणंदेला हळूच विचारले, "वन्सं, जमेल ना?"

नणंदेच्या गुडघ्यातून रक्त वाहत होते. तिने पाऊल रोवले. "वहिनी, तुमच्याशी भांडायला ताकद उरली पाहिजे, म्हणून हळू चला," ती म्हणाली आणि उभी राहिली.

आम्ही माथ्यावर पोहोचलो. मुकादम उतरला. त्याने गळ्यातला पंचा काढला, खाली बसून नणंदेच्या गुडघ्याला बांधला आणि मग देवालयात गेला. दुसऱ्या दिवशी तळावर त्याने पुकारा केला, "पहिली डोली, नणंद-भावजय." कुणीतरी कुरकुरले. तेव्हा तो म्हणाला, "ज्याला शंका असेल, त्यानं काल माझ्या जागी बसायला हवं होतं."

माझ्या तडकलेल्या पायाला धन्याने एका हाताने लोखंडी पट्टी ठोकून दिली. त्या दिवसापासून चूलही त्यानेच सांभाळली आणि घरातला वाद स्वयंपाकाच्या चवीकडे वळला.

पुढची वर्षे माझ्या भाग्याची. मुलांचा विरोध मोडून एकट्याच प्रवासाला निघालेल्या एक बाई मला आठवतात. प्रत्येक वळणावर त्या डोली थांबवायला लावत, दरीकडे पाहत आणि स्वतःशीच हसत. त्यांना काय दिसे कोण जाणे, पण त्या दिवशी माझे ओझे हलके होते.

मग डोंगरावर माणसांना वर नेणारे तारेवरचे पाळणे आले. काही डोल्या मोडल्या, काही जळणात गेल्या. पाळणेवाल्यांनी मला वरच्या थांब्यावर शोभेसाठी ठेवले. लोक माझ्यात बसून फोटो काढत. कुणी माझा वेत उसवला, कुणी चाकूने माझ्या हातावर आपली आणि आपल्या माणसाची नावे कोरली. मी मुकाट सोसले.

पांढऱ्या केसांच्या नणंद-भावजय एकदा पाळण्यातून वर आल्या. मला पाहून नणंदेचे डोळे भरले. घरी नेऊ या, ती म्हणाली. भावजय मात्र दुसरीकडेच पाहत होती. थांब्यापासून देवालयापर्यंत अजून उंच पायऱ्या आहेत. तिथे पहिल्याच पायरीवर काही म्हातारे प्रवासी बसून होते. एवढ्या लांबून येऊन ते देवालय न पाहताच परत जाणार होते.

"हिला घरी न्यायची नाही," ती म्हणाली. "कामाला लावायची."

थांब्याच्या व्यवस्थापकाने नाही म्हटले. दोघी दुसऱ्या दिवशी आल्या, तिसऱ्या दिवशीही आल्या. रोज त्या त्याला हाताला धरून त्या पायरीवर बसलेल्यांपाशी नेत आणि काही न बोलता उभ्या राहत. अखेर तो कंटाळला की शरमला, मला ठाऊक नाही, पण त्याने होकार दिला. त्यांनी माझा वेत नवा विणून घेतला आणि कोरलेली नावे घासून काढली. आता गावातल्या दोन तरुण बायका माझे पट्टे खांद्यावर घेतात.

मित्रांनो, तुम्हीही डोंगर चढाल, जुनी गावे पाहाल, देवळांच्या दारात उभे राहाल. तिथल्या दगडावर, लाकडावर नाव कोरू नका. ज्यांनी ते घडवले, त्यांनी स्वतःचे कोरले नाही. आणि वर पोहोचण्याच्या घाईत, मागे पायरीवर कुणी बसून राहिले आहे का, तेवढे वळून पाहा.

एक आजोबा काठी टेकत माझ्याकडे येत आहेत. मला सरळ उभे राहायला हवे.