अडवीची वाट

“मडिवाळप्पा, हे ‘अडवी वाट’ काय प्रकरण आहे?” साहेबांनी नकाशावर पेन्सिल टेकवली.

मडिवाळप्पा टेबलाशी आला. नगररचना कार्यालयातला हा ट्रेसर, एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या रेघा गिरवत आलेला. सोलापूरबाहेरच्या लिंबाच्या बनात लोकांसाठी उद्यान व्हायचं होतं, त्याचा हा नकाशा. गिरणीच्या चाळींमागून बनात जाणारी पायवाट त्यात कुणी दाखवलीच नव्हती. ती यानं आपल्या मनानं ठिपक्याठिपक्यांनी काढली आणि वर घरातला शब्द लिहिला. घरी कानडी, कानडीत अडवी म्हणजे रान.

त्या वाटेनं त्याची बायको महादेवी रोज सकाळी जायची. गिरणीतली कापसाची धूळ खाऊन तिची छाती पार भरली होती. चाळीतल्या खोलीत जीव नुसता गुदमरायचा. लिंबाखाली तासभर बसली की बाई माणसात यायची.

“म्हणजे अडवायची वाट ना ही?” साहेब पुण्याचे. “बरोबर आहे. चोरवाटा हव्यात कशाला? इथून सलग भिंत घ्या. फाटक हमरस्त्यावर.”

‘साहेब, अडवी म्हणजे रान हो!’ एवढंच तर म्हणायचं होतं. पण मागं एकदा तोंडून कानडी शब्द निसटला, तर अख्खं ऑफिस आठवडाभर खिदळत होतं. शिवाय साहेबांसमोर जिभेला एकच वळण पडलेलं.

“व्हय साहेब,” तो म्हणाला.

मग ब्लेड घेऊन त्यानं एकेक ठिपका खरवडून काढला. हात कुणाचा, तर त्याचाच! त्याला स्वतःची शिसारी आली.

पुढच्या हिवाळ्यात भिंत उभी राहिली. रविवारी महादेवीनं त्याला ओढतच तिथं नेलं. पुरुषभर उंच दगडी भिंत. वरून लिंबाचे शेंडे तेवढे दिसत होते.

“कुटलं गाढव हितं भिंत घालायला सांगितलं ओ?” तिला धाप लागली होती. “फाटक कुटं हाय?”

“हमरस्त्याला. दोन मैल वळसा.”

“अगं बया! तेवढं चालणं मला होतंय व्हय?” ती दम खात थांबली. “तुमी नकाशाचंच काम करता की. साहेबाला सांगा, हितं अडवी हाय, वाट पायजे म्हणून. तुमचं ऐकतेत की ते. सांगता न्हवं?”

सगळं सांगून टाकावं असं त्याच्या अगदी ओठांवर आलं.

“व्हय,” तो म्हणाला.

महादेवीचा जीव भांड्यात पडला.

“मग तवर हितंच बसते की,” म्हणत तिनं पदर सावरला आणि भिंतीला पाठ टेकली.