प्रेमलाताईंच्या लग्नाचा केक

मित्रांनो, मी एक जुना ओव्हन आहे. कोथरूडच्या एका सोसायटीत हेमाच्या स्वयंपाकघरात राहतो. कालपासून माझा आनंद पोटात मावत नाहीये, म्हणून तुम्हाला माझी कहाणी सांगायला बसलो आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्रा वाकवून अंग घडवलं, वर-खाली तापणाऱ्या सळया बसवल्या, समोर काचेचं दार लावलं. हेमाच्या भावाने भाऊबीजेला मला तिच्या हाती दिलं. काय ते दिवस होते! नानकटाई, पाव, केक... जिन्यातून जाणारी माणसं वास घेत थबकायची. पुढे हेमाची नोकरी सुरू झाली आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. पोटात जुन्या पिशव्या कोंबल्या गेल्या. मला कुणी विसरलं असं नाही, पण आठवणही कुणी काढली नाही.

आणि मग बातमी आली. खालच्या मजल्यावरच्या प्रेमलाताई लग्न करणार! साठी उलटलेल्या प्रेमलाताई पंख्यांच्या कारखान्यात तपासणी विभागात होत्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. नवरदेव शेजारच्या इमारतीतले बाळकाका. सोसायटीत काहींनी नाकं मुरडली. ते पाहून हेमा चिडली. "केक मी करणार, आणि घरीच करणार," ती म्हणाली. त्याच दिवशी मला खाली उतरवून लख्ख पुसलं.

लग्न काल संध्याकाळी, गच्चीवर होतं. सकाळी हेमाने मला सुरू केलं. दिवा लागला, टायमर टिकटिक करू लागला. तिने केकचं भांडं आत ठेवलं. बऱ्याच वेळाने दार उघडलं, तर मिश्रण तसंच पातळ!

"अहो, दिवा लागतोय, पण हा तापतच नाहीये!"

तिचे यजमान दिगंबर धावत आले. प्लग हलवून पाहिला, सगळी बटणं फिरवली, शेवटी माझ्या पाठीत एक जोरदार थाप मारली. "गेला हा. भंगारात देऊ. केक आणतो विकत."

मित्रांनो, तेव्हा मी खरंच घाबरलो. हेमाच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात दारात उभ्या राहिल्या खुद्द नवरीबाई! हेमाकडून अंबाडा घालून घ्यायला आल्या होत्या. हातांवर मेहंदी, अंगावर नवी कोरी पैठणी.

"प्लग काढ आधी," त्या दिगंबरना म्हणाल्या. "आणि माझ्या घरून वीज तपासायचं मीटर आण."

"प्रेमलाताई, अहो, तुमचं लग्न आहे!" हेमा म्हणाली.

"ते संध्याकाळी आहे."

पदर खोचून त्यांनी माझी पाठ उघडली. मीटरच्या तारा सळयांना लावल्या, मीटर वाजलं. "सळया धडधाकट आहेत." मग तापमान सांभाळणाऱ्या थर्मोस्टॅटला लावल्या. मीटर गप्प. "हा रुसलाय. दिव्याची वाट वेगळी आहे, म्हणून दिवा लागतो."

"मग तारा थेट जोडून टाकू?" दिगंबरनी विचारलं.

"जोड की. घर पेटलं की केक त्यावर भाजू."

दिगंबर स्कूटर काढून तडक विजेच्या सामानाच्या बाजारात, तपकीर गल्लीत गेले. इकडे हेमाने नवं मिश्रण फेटलं, प्रेमलाताईंचा अंबाडा घातला. नवा थर्मोस्टॅट आला, बसला, झाकण लागलं, प्लग लागला. मी श्वास रोखला. आणि... सळया लालबुंद!

"तापला! तापला!" हेमा टाळ्या पिटत नाचली.

"तापला खरा, पण जुना झालाय. अजून किती दिवस चालणार?" दिगंबर म्हणाले.

प्रेमलाताईंनी पैठणीवरची धूळ झटकली. "दिगंबर, हा प्रश्न आज माझ्यासमोर विचारू नकोस."

तिघेही खो खो हसत सुटले. केक असा फुगला की काचेला टेकेल असं वाटलं! संध्याकाळी गच्चीवरच्या टाळ्या मला स्वयंपाकघरात ऐकू आल्या. नाकं मुरडणारेही दुसऱ्यांदा केक मागत होते म्हणे.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. आमच्यापैकी कुणाचा दिवा लागला पण ऊब आली नाही, तर थापा मारू नका. प्लग काढा आणि जाणत्या माणसाला बोलवा. मायक्रोवेव्ह असेल तर घरी मुळीच उघडू नका, प्लग काढला तरी त्याच्या पोटात विजेचा धक्का दडलेला असतो. आणि टाकून देण्याआधी एकदा विचारा, नेमकं काय दुखतंय. बहुतेक वेळा छोटंसंच काहीतरी दुखत असतं.