तेरावी शेळी

वैष्णवीनं बोरीच्या झुडपामागं स्पीकर ठेवला, त्यावर गोणपाट टाकलं आणि स्टॉपवॉच हातात घेऊन ती मागं सरकली. समोर हंसाबाईची काबरी शेळी दोरीला बांधलेली होती आणि तुरीचा पाला खात होती.

महागावजवळच्या तांड्यावरची ही तेरावी शेळी. वर्षभरापूर्वी दुरावलेल्या करडाचा आवाज आईला आठवतो का, एवढंच वैष्णवीला तपासायचं होतं. आवाज गेल्या वर्षी तिच्याआधीच्या विद्यार्थ्यानं टिपून ठेवले होते. आतापर्यंतच्या बाराही शेळ्यांनी माना वर करून झुडपाकडं पाहिलं होतं. दोघी तर दोरी ताणून ओरडल्या होत्या. हीसुद्धा तशीच वागली, तर कॉलेजात सरांपुढं ठेवायला निकाल स्वच्छ होता.

तिनं मोबाईलवर बोट ठेवलं. झुडपातून बारीक, किंचित घोगरा आवाज आला.

काबरीनं एक कान हलवला आणि पाला चघळत राहिली.

दारात शेंगा सोलत बसलेली हंसाबाई मात्र उठली. मांडीवरच्या शेंगा मातीत सांडल्या.

"आली रे मी, आली."

ती भराभर झुडपापर्यंत गेली आणि हात पुढं करून वाकली. गोणपाट दिसलं, तशी थबकली. मग उगाच लुगड्याला हात पुसत माघारी वळली.

वैष्णवीनं कागदावर शून्य लिहिलं.

"मावशी, हिनं तर ओळखलंच नाही."

"तिले कसं ओळखू येईन? तिनं त्याले पाजलंच नाही. जवळ गेलं का लात मारे. दीड महिना म्याच पाजलं, बाटलीनं. रोज माह्यापाशीच निजे." हंसाबाई खाली बसून शेंगा वेचू लागली. "मंग पोट फुगलं त्याचं. एका दिसात गेलं."

"इथं तर फक्त 'दुरावलं' लिहिलंय."

"त्या पोरानं इचारलंच नाही, बाई."

हा कागद बाजूला काढला असता, तर बाराच्या बारा शेळ्यांचा निकाल तसाच राहिला असता. वैष्णवीनं थोडा वेळ पेन नुसतंच धरलं. मग शून्याशेजारी लिहिलं: आईनं पाजलं नाही, हंसाबाईंनी वाढवलं. 'प्रतिसाद' लिहिलेल्या रकान्यावर पेन पुन्हा थांबलं. तिथं फक्त शेळीचंच लिहायची सोय होती.

तिनं कागद घडी करून पिशवीत टाकला आणि स्पीकर आणायला उठली.

"झालं का?" हंसाबाईनं विचारलं. "बाकीच्या बकऱ्यायले तं तीन-तीनदा ऐकवलं म्हणत होत्या बाया."

"हिला आता नाही ऐकवलं तरी चालतं, मावशी."

हंसाबाई खाली मान घालून शेंगांवरची माती झटकत राहिली.

"मंग मले ऐकव," ती म्हणाली.

वैष्णवीनं स्पीकरवरचं गोणपाट काढलं, तो उचलून तिच्याजवळ ओट्यावर ठेवला. स्टॉपवॉच तिनं खिशात टाकलं.